कमलाबाई करत काय होत्या?

बेंगळुरूच्या बसमध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' असं पूर्ण नाव घेतलंत, तर कंडक्टर थोडा विचारात पडतो. 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणा, लगेच तिकीट हातात पडतं. जमशेदजी टाटा १९०४ साली गेले, संस्था स्थापन झाली १९०९ साली, आणि तिच्यासाठी ३७१ एकर जमीन दिली म्हैसूर संस्थानानं. पण गावाच्या तोंडी टाटांचं नाव बसलं ते बसलंच. मी मल्लेश्वरममध्ये राहतो. सकाळी फिरायला निघालो की अठराव्या क्रॉसवरून पुढे जात संस्थेच्या भिंतीपर्यंत जाऊन परत फिरतो. भिंतीलगतच्या रस्त्याला सर सी. व्ही. रामन यांचं नाव आहे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांनी महिला दिनाचा लहानसा कार्यक्रम ठरवला. एका घराची गच्ची, तीस-पस्तीस माणसं, शेवटी बटाटेवडे. नोकरीतून निवृत्त झालेला आणि थोडंफार वाचणारा माणूस म्हणून मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. विषय शोधायला लांब जायची गरज नव्हती. रोज ज्या भिंतीपर्यंत जातो, तिच्या आत एका मराठी मुलीनं १९३३ साली केलेला सत्याग्रह मला माहीत होता.

मी ती गोष्ट सांगितली, सगळे सांगतात तशी. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण, जन्म इंदूरचा. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायनशास्त्र घेऊन उत्तम रीतीनं बी.एस्सी. झाल्या आणि टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही याच संस्थेत सुरुवातीच्या काळात शिकून बाहेर पडलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे मुलीनंही तिथंच शिकावं, हे घरात जणू ठरलेलं होतं. अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं होतं आणि संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून ते नुकतेच रुजू झाले होते. वडील आणि काका त्यांना भेटले, उपयोग झाला नाही. मुलींना संस्थेत घ्यायचं नाही, असं त्यांचं मत होतं. मग कमलाबाई स्वतः गेल्या. नकाराचं कारण विचारलं, आणि प्रवेश मिळेपर्यंत हटणार नाही असं सांगून सत्याग्रह सुरू केला.

शेवटी रामन राजी झाले, पण अटी घालून. पहिलं वर्ष प्रवेश कच्चा, नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे त्यांच्या असण्यानं पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, वर्षभर काम केलं आणि नियमित प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला जाऊन डॉक्टर झाल्या.

टाळ्या चांगल्या पडल्या. एकदोघांचे डोळेही पाणावले. मग पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. मूळच्या अलिबागकडच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. म्हणाल्या, "अहो, ते सगळं खरं. पण ती बाई रात्री प्रयोगशाळेत बसून करत काय होती?"

"दुधावर आणि डाळींवर संशोधन," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

मला पुढे सांगता येईना. काहीतरी प्रथिनांबद्दल बोललो. आजी काही टोचून बोलणाऱ्या नव्हत्या. साधेपणानंच म्हणाल्या, "म्हणजे साहेब काय म्हणाले ते तुम्हाला पाठ आहे, बाईनं काय केलं ते नाही." आणि वड्याची बशी घ्यायला उठल्या.

घरी परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कमलाबाईंवर मी जे काही वाचलं होतं, ते आठवून पाहिलं. बहुतेक ठिकाणी निम्मी जागा त्या एका प्रसंगाला आणि उरलेल्या निम्म्या जागेत पुढचं सगळं आयुष्य. नोबेल मिळवलेला मोठा माणूस, एकटी मुलगी, सत्याग्रह, अटी: यात नाट्य आहे, ऐकणाऱ्याचं रक्त तापतं. पण त्या गोष्टीत कमलाबाई कायम संचालकांच्या खोलीबाहेर उभ्या राहतात. आत जाऊन त्यांनी काय केलं, ते कोणी विचारत नाही. ज्या कामासाठी त्या अडून बसल्या, तेच आपण गाळून टाकतो. मीही गाळलं होतं. त्यानंतर मी नीट वाचायला लागलो. त्या रात्री आजींना जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

संस्थेत कमलाबाईंचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीचे, कामात कठोर, पण शिकणाऱ्याला हातचं न राखता शिकवणारे. विषय होता दूध, डाळी आणि कडधान्यं यांतली प्रथिनं. आज प्रथिनांचं नाव प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर दिसतं. १९३३ साली भारतात रोज जे खाल्लं जातं त्यात नेमकं काय आहे, हे मोजायचं काम अजून व्हायचं होतं.

त्या काळी हे काम कसं चाले, ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगता येतं. डाळ दळायची, तिच्यातला स्निग्धांश काढून टाकायचा, मग मिठाच्या पाण्यात घुसळून प्रथिनं पाण्यात उतरवायची. त्या पाण्यात क्षार कमीजास्त केले की एकेक जातीचं प्रथिन साका धरून खाली बसतं. दूध नासलं की चोथा आणि निवळ वेगळी होते, तसंच काहीसं. मग ते गाळायचं, धुवायचं, वाळवायचं आणि त्यातला नायट्रोजन मोजायचा. प्रथिनांत साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे नायट्रोजन कळला की प्रथिन किती याचा अंदाज येतो. यातली एकही पायरी घाईनं होत नाही. साका बसायला वेळ लागतो आणि तो बसेपर्यंत माणसालाही तिथं बसावं लागतं. 'रात्री उशिरापर्यंत काम' ही अट रामन यांनी कोणत्याही हेतूनं घातलेली असो, असं काम करणाऱ्याला रात्र तशीही लागतेच.

हे मोजणं कशासाठी? कारण या देशातल्या बहुसंख्य लोकांना प्रथिनं मिळायची ती डाळींतून. मांस, मासे, अंडी काहींना परवडत नव्हती, काहींना चालत नव्हती, आणि दूध घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येत नव्हतं. तूर, मूग, हरभरा यांतलं काय अंगी लागतं आणि काय नाही, हे कळल्याशिवाय पोषणाबद्दलचा कुठलाही सल्ला म्हणजे अंदाजपंचे. युरोपातल्या पुस्तकांत गहू, बटाटा आणि गोमांसाचे आकडे मिळत होते. आपल्या ताटाचे आकडे आपल्यालाच काढावे लागणार होते. एकवीस-बावीस वर्षांची मुलगी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये ते काढत होती.

वर्ष संपलं. रामन यांनी काम पाहिलं, समाधान व्यक्त केलं आणि पक्का प्रवेश दिला. १९३६ साली कमलाबाईंनी प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर केला आणि विशेष गुणवत्तेसह एम.एस्सी. मिळवली. त्यांच्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला, असं त्यांच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात असतं. ते खरंच आहे. पण प्रवेश मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असं मात्र झालं नाही. म्हणून इथे जरा थांबून दुसऱ्या एका बाईंबद्दल सांगितलं पाहिजे.

१९४० साली अ‍ॅना मणी नावाची केरळची मुलगी शिष्यवृत्ती घेऊन याच संस्थेत आली. तिला प्रवेशासाठी अडून बसावं लागलं नाही. ती थेट रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाली. माणिक आणि हिऱ्यांवर प्रकाश पडला की ते कसे चमकतात, हा तिचा अभ्यास. छायाचित्रणाच्या काचेवर वर्णपट उमटायला पंधरा-वीस तास लागायचे, तेव्हा तिच्याही रात्री प्रयोगशाळेतच गेल्या. १९४२ ते १९४५ या काळात तिचे एकटीच्या नावाचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९४५ साली तिनं पीएच.डी.चा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठानं पदवी नाकारली, कारण तिच्याकडे एम.एस्सी. नव्हती. तो पूर्ण प्रबंध बेंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये राहिला. अ‍ॅना मणी पुढे हवामानशास्त्रात गेल्या. वारा, ऊन आणि पाऊस मोजणारी उपकरणं देशात बनावीत यासाठी त्यांनी आयुष्य घातलं, आणि वारा व सूर्यप्रकाशाच्या त्यांच्या नोंदींचा उपयोग पुढे पवनऊर्जा, सौरऊर्जा उभारणाऱ्यांना झाला. नावापुढे 'डॉक्टर' मात्र लागलं नाही.

अ‍ॅना मणींना कोणी खोलीबाहेर उभं केलं नाही. त्यामुळे त्यांची गोष्ट सांगायला अवघड आहे. तिच्यात अपमानाचं वाक्य नाही, कोणाकडे बोट दाखवायची सोय नाही, आहे तो फक्त एक नियम. आणि अशी गोष्ट टाळ्या मिळवत नाही. बायकांची वाट अशा मुकाट नियमांनीही अडते, हे आपल्या लक्षात राहत नाही, कारण आपल्याला लक्षात ठेवायला माणूस लागतो.

कमलाबाईंकडे परत येतो. शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या आणि न्यूनहॅम कॉलेजात राहिल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळवलेले फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. सुरुवातीला डेरेक रिश्टर यांच्याबरोबर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर कमलाबाईंनी काम केलं. हिल वनस्पतींवर काम करत होते. प्राण्यांच्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवतात, त्या कामात सायटोक्रोम नावाचे पदार्थ लागतात, हे केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली दाखवलं होतं. कमलाबाईंनी बटाटा घेतला, आणि त्याच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे, हे दाखवून दिलं. म्हणजे जमिनीखाली गप्प पडलेला बटाटाही पेशींच्या पातळीवर आपल्यासारखाच श्वास घेतो. १९३९ साली हिल आणि भागवत अशा दोन नावांनी या विषयावरचं टिपण 'नेचर'मध्ये आलं. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत त्यांचा प्रबंध तयार झाला होता. पानं फक्त चाळीस.

इथे सगळे लिहितात: विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठानं १९३१ सालीच डी.एस्सी. दिली होती, त्यामुळे 'पहिली' कोण हे पदवीचं नाव कसं मोजता त्यावर ठरतं. मला त्या वादात रस उरलेला नाही. पहिलेपणाच्या बिरुदानं होतं काय, की बाईचं काम पुन्हा बाजूला पडतं आणि ती फक्त रांगेतला क्रमांक होऊन बसते.

कमलाबाई १९३९ साली परत आल्या. परदेशात राहणं त्यांना अवघड नव्हतं, पण देशात राष्ट्रीय चळवळीचे दिवस होते आणि त्या गांधीजींना मानणाऱ्या होत्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. याच प्रयोगशाळेतून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईत, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, आल्या. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेला विषय त्यांनी तिथे पुन्हा हाती घेतला, आणि त्यातूनच अलिबागच्या आजींना द्यायचं माझं खरं उत्तर निघालं. ते उत्तर आहे वाल.

१९५५ साली सोहोनी आणि त्यांच्या एका सहसंशोधकाच्या नावानं 'नेचर'मध्ये एक टिपण प्रसिद्ध झालं. वाल आणि डबल बीन या दोन शेंगांच्या दाण्यांतून त्यांनी ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं स्फटिकांच्या रूपात वेगळी काढली होती. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातून येणारं विकर, एन्झाइम. आपण खाल्लेली प्रथिनं लहान आतड्यात फोडायचं काम ते करतं. काही कडधान्यांच्या दाण्यांत असं एक प्रथिन असतं, जे ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचं काम बंद पाडतं. वेलाच्या बाजूनं पाहिलं तर यात शहाणपण आहे. किड्यानं दाणा खाल्ला तरी त्याला तो पचू नये. पण माणसानं असे दाणे अर्धेकच्चे खाल्ले, तर त्यांत प्रथिनं भरपूर असूनही अंगी लागत नाहीत. उष्णतेनं या रोखणाऱ्या प्रथिनाचा जोर बराच मोडतो.

दाण्याच्या लगद्यातून असा एकच पदार्थ स्वच्छ स्फटिकांच्या रूपात बाहेर काढणं, हे सोपं काम नाही. स्फटिक मिळाले म्हणजे आपल्या हातात मिश्रण नसून खरोखर तीच वस्तू आहे, याची खात्री पटते. सोयाबीनच्या बाबतीत अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास हे केलं होतं. दहा वर्षांनी मुंबईत ते वालांच्या बाबतीत झालं.

आणि वाल हा असा विषय आहे, जो मला बेंगळुरूत समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर उजाडला की मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर अवरेकाईचे ढीग लागतात. आपले वाल आणि इथले अवरे एकाच जातीचे, नाव एकच, लॅबलॅब. शेंगांना एक वेगळा वास असतो, त्याला कन्नडमध्ये 'सोगडु' म्हणतात, आणि तो नसेल तर इथल्या गृहिणी शेंगा परत ढिगात टाकतात. जानेवारीत तर या एका शेंगेचा मेळा भरतो, आणि त्यात डोशापासून जिलबीपर्यंत सगळं अवरेचं असतं. इथल्या घरांत दाणे रात्रभर भिजवून सकाळी चिमटीत दाबून सालातून बाहेर काढतात. तीच ती हितकिद बेळे. आपल्याकडे कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून सोलतात. त्याचं होतं बिरडं. दोन भाषांतल्या बायका थंडीच्या दिवसांत बसून एकाच दाण्याची साल काढत असतात, आणि दोघीही तो शिजवल्याशिवाय पानात वाढत नाहीत.

इथे 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणायचा मोह होतो. मला तसं म्हणायचं नाही. वाल नीट शिजवावेत, नाहीतर बाधतात, हे आजींना माहीत होतं. ते का बाधतात, हे माहीत नव्हतं. दाण्यातला कोणता पदार्थ, किती, आणि तो कशानं मोडतो, हे कोणीतरी मोजावं लागतं. घरातल्या पाच माणसांसाठी आजींचा अनुभव पुरतो. पण आश्रमशाळेतल्या किंवा दुष्काळी केंद्रावरच्या शेकडो मुलांच्या वाटीत काय घालायचं, हे अनुभवावर सोडता येत नाही. कमलाबाईंच्या कामाची जागा नेमकी इथे होती, स्वयंपाकघर आणि सरकारी धोरण यांच्या मधली.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम नीरेवरचं. ताडमाडांपासून पहाटे मिळणारा, अजून न आंबलेला रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हा विषय घेतला आणि पुढची दहाबारा वर्षं त्यावर काम केलं. नीरेत 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वं आणि लोह असतं, आणि ती आटवून गूळ केला तरी त्यातलं बरंचसं टिकतं, हे त्यांनी दाखवलं. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा आली, तेव्हा त्यांच्या तब्येतीत फरक पडला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला मिळाला. पुढे मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत, म्हणजे १९६६ साली नऊ बायकांनी सुरू केलेल्या ग्राहक संघटनेत, त्या काम करत होत्या. संघटनेच्या 'कीमत' या नियतकालिकात लिहीत होत्या, आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये दुधातलं प्रथिन मोजणारी मुलगी पन्नास वर्षांनी गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभी राहिली होती. विषय तोच राहिला: माणसाच्या पोटात जातं त्यात खरोखर काय आहे.

मधल्या काळात मुंबईच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांना मिळायला हवं होतं, ते संस्थेतल्या राजकारणापायी चार वर्षं लांबलं. ही चार वर्षं आपण सांगत नाही. तोवर त्या केंब्रिजच्या डॉक्टर झालेल्या होत्या, 'नेचर'मध्ये छापून आल्या होत्या, त्यांच्या हाताखाली विद्यार्थी तयार झाले होते, आणि तरीही त्यांना थांबावं लागलं. १९३३ चा नकार एका माणसाच्या मतामुळे होता, असं म्हणून आपण सुटू शकतो. या चार वर्षांचं काय करायचं?

रामन यांनी केलेला अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. पुढे एका सत्कारात त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण बायकांच्या बाबतीत मनानं तितके मोठे नव्हते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांना तो हक्क होता, आणि तो प्रसंग इतिहासातून पुसला जाऊ नये असंच मलाही वाटतं. माझं म्हणणं इतकंच, की त्यांनी तो प्रसंग आपल्या आयुष्यात जेवढ्या जागेत ठेवला, तेवढ्याच जागेत आपणही ठेवावा. त्यांनी एक वर्ष अटींखाली काढलं, आणि त्यानंतर पन्नासच्या आसपास वर्षं काम केलं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तेव्हाच्या प्रमुख डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी त्यांचा दिल्लीत सत्कार ठरवला. परिषदेच्या महासंचालकपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री. कमलाबाई वयाच्या ऐंशीच्या पुढे होत्या. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती पुन्हा बेंगळुरूचीच आहे. १९३४ साली, म्हणजे कमलाबाई कच्च्या प्रवेशावर काम करत होत्या त्याच सुमाराला, रामन यांनी या गावात इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली. त्याच अकादमीनं २००८ साली भारतातल्या स्त्री शास्त्रज्ञांच्या कथनांचं आणि चरित्रांचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. कमलाबाईंची हकीकत, रामन यांच्या अटींसकट, त्यात आहे. राम रामस्वामी यांच्याबरोबर त्या पुस्तकाचं संपादन केलं होतं रोहिणी गोडबोले यांनी. त्या पुण्याच्या, कणभौतिकीतल्या शास्त्रज्ञ, १९९५ पासून टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. पुस्तकाची रचना मला आता जास्त कळते. त्यात हयात स्त्रियांनी स्वतः लिहिलं आहे: मी कोणता प्रश्न घेतला, कसा सोडवला, तो का आवडला. अडथळे येतात, पण कामाच्या ओघात येतात. आजींना हवं होतं ते हेच.

गेल्या जानेवारीत मी आठव्या क्रॉसवरून दोन किलो अवरेकाई घेऊन आजींकडे गेलो. शेंगा सोलता सोलता त्यांना ट्रिप्सिनची गोष्ट सांगितली. वेल आपला दाणा किड्यापासून राखतो, हे त्यांना फार आवडलं. मग एक दाणा नखानं सोलून त्यांनी तो हातावर धरला, निरखून पाहिला आणि विचारलं, "यातून स्फटिक काढले? खडीसाखरेसारखे?"

"खूप बारीक," मी म्हणालो. "पण स्फटिकच."

"मग हे आधी नाही का सांगायचं," आजी म्हणाल्या, आणि दाणा पातेल्यात टाकून पुढची शेंग उचलली.